हेरफर्डशरचा मुरघास आणि आईची पहिली चपाती

मे महिन्यात आई इंग्लंडला, आमच्या मिल्टन कीन्सला आली, त्याच्या पुढच्याच रविवारी आम्ही तिला गाई दाखवायला नेलं. आमचं शहर दोनच गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, राउंडअबाउट आणि सिमेंटच्या गाई. हिरवळीवर उभे असलेले ते काळे-पांढरे पुतळे पाहिले की येणारा-जाणारा फोटो काढतो. आईनं फोटो काढू दिला नाही. एकीच्या पाठीवर हात ठेवला, वाकून पोटाखाली बघितलं आणि म्हणाली, "ह्यांचं बरं हाय. वैरण नगं, धार नगं." मी आणि निखिल, म्हणजे माझा नवरा, खो खो हसलो. ती हसली नाही.

बाबा गेल्यापासून आई कराडजवळच्या आमच्या गावी एकटी राहते. घराच्या मागं पत्र्याचा गोठा, त्यात आता एकच गाय उरली आहे, चंद्री. आईचे गुडघे बोलायला लागलेत. दादा पुण्यात वाकडला, मी इकडे साहेबाच्या देशात. आम्हा दोघा शहाण्यांनी फोनवर ठरवून टाकलं होतं की इथून परत गेल्यावर आईनं दादाच्या फ्लॅटवर राहायचं आणि त्याआधी चंद्री विकायची. शेजारच्या गावचा एक डेअरीवाला घ्यायला तयार होता. माणूस चांगला, पण त्याला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आई हो म्हणेना, नाही म्हणेना. "बघू" म्हणायची. आईच्या "बघू"चा अर्थ बाबांनाही कधी कळला नव्हता, तिथे आमची काय कथा.

इकडे उन्हाळाभर रोज सकाळी एकच कार्यक्रम चालायचा. माझा चुलतभाऊ बाळू गावी चंद्रीची धार काढतो, त्याला व्हिडिओ कॉल. चंद्री दिसली की आईचा पुढचा प्रश्न ठरलेला, "पिशव्या बघू." इकडे यायच्या आधी तिनं हिरव्या मक्याची कुट्टी करून, पिशव्यांत दाबून दाबून मुरघास भरून ठेवला होता, आपण नसताना गाईचे हाल नकोत म्हणून. "उंदरानं कुरतडल्या न्हाईत न्हवं? तोंड नीट बांधलंय न्हवं?" बाळू प्रत्येक पिशवीवरून फोन फिरवायचा. पुरातून वाचलेलं घर बघावं तशी आई त्या पिशव्यांकडे बघायची.

आणि पहिली चपाती. आईच्या हातची तव्यावरची पहिली चपाती गाईची असते, जगबुडी झाली तरी. मिल्टन कीन्सला गाय नाही. मग ती चपाती आधी मागच्या अंगणातल्या मॅगपाय पक्ष्यांना गेली, नंतर शेजारीण अगदी गोड हसून उंदरांबद्दल काहीतरी बोलून गेली, तेव्हापासून ती चपाती डब्यात राहायला लागली. संध्याकाळी आई ती स्वतःच खायची, वाळकी. "कुणाच्या तरी तोंडात पडली म्हंजे झालं," म्हणायची. मला ते बघवायचं नाही.

म्हणून हा प्रवास. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तिच्या विमानाला थोडेच दिवस उरलेले. तन्वीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, पोहण्याच्या स्पर्धा होत्या, त्यामुळे निखिल आणि ती घरी. मी नेटवर शोधून हेरफर्डशरमधला एक फार्म बुक केला. "वर्किंग कॅटल फार्म, पाहुण्यांसाठी स्वतंत्र कॉटेज, जनावरांना वैरण घालताना बघा." खरं सांगते, माझा त्यात डाव होता. दोन दिवस गाईंमध्ये राहील, मन भरेल, आणि रविवारी दादाला हो म्हणून मोकळी होईल.

शनिवारी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, सॅट-नॅव्ह तुम्हाला मोटरवेवर ढकलेल, तिचं ऐकू नका. बकिंगहॅम, बॅनबरी, स्ट्रॅटफर्ड करत वूस्टर गाठा आणि तिथून ए फोर्टी-फोर धरा. वेळ थोडा जास्त लागतो, तीन तास धरून चाला, पण ब्रॉमयार्डच्या चढावर गाडी आली की दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा लागतात आणि त्यासाठी तो वेळ वसूल आहे. पुढे लेमस्टर नावाचं गाव लागतं, त्याचं स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका. खाण्याची सोय वाटेत भरपूर, पण आमच्याकडे आईचे धपाटे आणि दही होतं. रस्त्याकडेच्या थांब्यावर थांबून बॉनेटवर डबा ठेवून खाल्लं. एक सायकलवाले आजोबा "स्मेल्स लव्हली" म्हणत थबकले, तर आईनं एक धपाटा कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. ते काहीतरी म्हणायच्या आत ती गाडीत जाऊन बसली होती.

मांडीवर तिनं स्टीलची किटली धरली होती. निघताना मी विचारलं होतं, ही कशाला? "फार्मवर चाललोय न्हवं? धारोष्ण दूध मिळंल. तन्वीसाठी घिऊन येऊ. त्या डब्यातल्या पांढऱ्या पाण्याला काय चव हाय?"

रस्त्याच्या कडेनं मका उभा होता. आमच्याकडच्यासारखाच उंच, पण टोकाला पिवळा पडत चाललेला. एका शेतात भलंमोठं यंत्र मका कापत, तिथल्या तिथे कुट्टी करत, शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत फवारा उडवत होतं. आईनं गाडी थांबवायला लावली. खिडकी खाली करून तिनं डोळे मिटले. तो कापलेल्या मक्याचा गोडसर, ओला वास. मी गावी असते तर मला तो वास आलाही नसता, रोजचाच. इथे मात्र मी माझ्या बाजूचीही खिडकी खाली केली.

फार्मवर कॉलिन आणि ब्रेंडा हे मालक नवरा-बायको वाट बघत होते. दोघंही सत्तरीच्या आसपासची, लाल गालांची. कॉटेज लहानसं पण नेटकं, स्वयंपाकघर स्वतंत्र, तेव्हा आपल्या लोकांची गैरसोय नाही. वेलिंग्टन बूट नसतील तर ते देतात, आणि गोठ्यात जाताना-येताना औषधाच्या पाण्यात बूट बुडवून जायचं. आईनं साडी वर खोचली, बूट चढवले आणि किटली घेऊन तयार झाली.

गोठा म्हणजे मोठी शेड. मध्ये वाट, दोन्ही बाजूंना लोखंडी गजांमागे जनावरं, तांबूस अंगाची आणि पांढऱ्या तोंडाची. शंभरेक तरी असतील. चकचकीत कातडी, भरलेले पुठ्ठे. मी म्हटलं, "बघ आई, कसल्या देखण्या गाई!"

आई आधीच वाकून बघत होती, सिमेंटच्या गाईला बघितलं होतं तशीच. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मग सरळ होऊन मला म्हणाली, "मने, ह्यात गाय कुठं हाय? खोंडं हायती समदी. कास कुणालाच न्हाई."

मी कॉलिनकडे बघितलं. कॉलिन किटलीकडे बघत होता.

आता सांगा, आपल्या घरात वाढलेल्या माणसाला कॅटल म्हटलं की काय आठवणार? दूध. चहा. खरवस. वेबसाइटवर पहिल्याच ओळीत "बीफ" लिहिलेलं होतं, नंतर मी बघितलं, पण माझ्या डोळ्यांनी ते वाचलंच नव्हतं. ही दूध देणारी गुरं नव्हती. कॉलिन खच्ची केलेले खोंड आणतो, शेवटचे तीन-चार महिने मका आणि मुरघास घालून त्यांचं अंग भरवतो आणि तयार झालेल्यांना न्यायला दर सोमवारी कत्तलखान्याची लॉरी येते.

मी पुटपुटत हे आईला सांगितलं. आम्ही मटण खाणारी माणसं, पण गाईगुरांचं म्हणजे... तुम्हाला कळतंय ना. मी मनात सामान परत गाडीत भरत होते. आई थोडा वेळ गजाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याचं काय हुतं, तुला ठावं न्हाई व्हय?"

"काय होतं?"

"कुणी इचारत न्हाई. एक दिस दावं रिकामं दिसतं." तिनं एका खोंडाच्या कपाळावर हात ठेवला. "ह्यो निदान पोटभर खाऊन जातोय."

तेवढ्यात ब्रेंडानं माझ्या कानाशी लागून विचारलं, मम्मीला किटली कशासाठी हवी आहे. मी सांगितलं. ब्रेंडा घरात गेली आणि फ्रिजमधली सुपरमार्केटची प्लास्टिकची बाटली घेऊन आली. शंभर जनावरांच्या मालकाच्या घरी विकतचं दूध! आई जी हसायला लागली ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. तिचं हसू बघून कॉलिन हसला, ब्रेंडा हसली. मे महिन्यापासून मी तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं.

मग कॉलिननं आम्हाला मुरघास दाखवला. आपल्याकडे खड्डा किंवा पिशव्या. इथे तीन बाजूंना काँक्रीटच्या भिंती, आत मक्याचा डोंगर, त्याच्यावर काळं प्लास्टिक आणि प्लास्टिकवर शेकडो जुने टायर. एक डोंगर गेल्या वर्षीचा, कापत कापत निम्म्यावर आलेला. दुसरा यंदाचा, भरायचं चालू होतं. ट्रॅक्टर त्याच्यावर पुढे-मागे फिरून तुडवत होता. आई म्हणाली, आम्ही पायानं तुडवतो, पोरीबाळी नाचतात पिशवीत. मी भाषांतर केलं. कॉलिन म्हणाला, त्याच्या लहानपणी तेही घोड्यानं तुडवायचे.

जुन्या डोंगराच्या कापलेल्या अंगातून कॉलिननं मूठभर मुरघास काढला. आईनंही काढला. दोघांनी एकाच वेळी मूठ दाबली, उघडली, नाकाशी नेली. आंबूस-गोड वास, थोडा ताकासारखा, थोडा गुळासारखा. मला हसू आलं. एक हेरफर्डचा, एक कराडची, आणि मूठ दाबायची तऱ्हा एकच.

"झ्याक हाय," आई म्हणाली. हे मी कॉलिनला सांगितलंच नाही, त्याला कळलं होतं.

वैरण कालवायचं यंत्र म्हणजे एक मोठं पिंप, आत फिरणारे स्क्रू. त्यात मुरघास, थोडा गवताचा मुरघास, थोडा पेंढा, आणि वरून दाबून चपटा केलेला मका. आईनं तो मका हातावर घेतला आणि म्हणाली, "आगं, ही तर तन्वीची न्याहारी!" खरंच, कॉर्नफ्लेक्ससारखाच दिसत होता. नवीन आलेल्या जनावराला मका एकदम घालत नाहीत, कॉलिननं सांगितलं, रोज थोडा थोडा वाढवतात, नाहीतर पोटात आंबतो आणि जनावर दगावतं. आईनं मान डोलावली. "माणसाचं बी तसंच हाय. मला तुमी एकदम इमानात घातलं." हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

गव्हाणीपुढे वैरण पडली तशी सगळी शेड एका सुरात खायला लागली. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. शांत, ओला, एकसारखा. आई एका उपड्या बादलीवर बसली आणि तासभर उठली नाही. कोपऱ्यात एक खोंड होता, कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यात तांबूस ठिपका असलेला. तो खाता खाता मान वर करून आईकडे बघायचा. कॉलिन जनावरांना नावं ठेवत नाही, कानातला बिल्ला पुरतो. आईनं त्याला "टिळ्या" म्हणायला सुरुवात केलेली मी ऐकली.

संध्याकाळी ब्रेंडानं आम्हाला जेवायला बोलावलं. कांद्याच्या पातीसारख्या लीकचं आणि बटाट्याचं सूप, ब्रेड, चीज आणि गोडाला सफरचंदाचं क्रंबल. आमच्यासाठी मुद्दाम सगळं शाकाहारी. आईनं सोबत शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती कॉलिननं सूपमध्ये घालून खाल्ली आणि पाणी पीत पीत "ब्रिलियंट" म्हणाला. बोलता बोलता मी सहज विचारलं, या वयात एवढं काम झेपतं का, बंद नाही का करावंसं वाटलं?

"एकदा बंद झालं होतं," कॉलिन म्हणाला.

२००१ साली देशभर गुरांना तोंडा-पायाची साथ आली होती, आपण लाळ्या-खुरकूत म्हणतो ती. त्याच्या जनावरांना झाली नव्हती, शेजारच्या फार्मवर झाली होती. तरी नियमानं सगळी मारावी लागली. एका दिवसात गोठा रिकामा. "आणि मुरघासाचा खड्डा भरलेला होता," तो म्हणाला. "नुकताच उघडला होता. मी रोज सकाळी उठायचो, बूट घालायचो, जाऊन थोडा मुरघास कापायचो. मग लक्षात यायचं की घालायला कुणी नाही."

ब्रेंडा म्हणाली, "ही डिड दॅट टिल ख्रिसमस, लव्ह."

मी हे आईला मराठीत सांगत होते, आणि मला आमच्या पडवीतल्या पिशव्या दिसल्या. आईनं कॉलिनकडे बघितलं. चटणीची वाटी तेवढी त्याच्याकडे सरकवली.

रविवारी सकाळी मला जाग आली ती तुपाच्या वासानं. कॉटेजच्या ओट्यावर चपात्या झाकलेल्या, तवा गरम, आणि आई नाही. खिडकीतून बघितलं तर ती शेडकडून परत येत होती. चेहरा असा उजळलेला की लेक झाल्याची बातमी घेऊन यावी. मागून कॉलिन. त्याचा चेहरा पांढराफटक.

आईनं पहिली चपाती टिळ्याला घातली होती.

कॉलिन पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, स्वयंपाकघरातलं काहीही जनावराला घालायचं नाही, या देशात तो गुन्हा आहे. ती साथ तशीच आली होती, खरकट्यातून. मी आईला सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईला घाबरलेलं बघितलं. ती त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "भाऊ, नुसती गव्हाची हुती. वाईच तूप. आमच्यात पयला घास त्यांचा असतो. मला ठावं नव्हतं वो." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण कॉलिननं हातानंच मला थांबवलं आणि आईचे जोडलेले हात खाली केले.

त्यानं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. आम्ही तिघी अंगणात उभ्या. ब्रेंडानं आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, पिठात काय होतं, तूप कुठलं, स्वयंपाकघरात मांस होतं का. शेवटी म्हणाले, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण खबरदारी म्हणून तो एक खोंड बाजूला बांधा, लक्ष ठेवा, आणि उद्याच्या लॉरीत घालू नका.

"उद्याच्या?" मी विचारलं.

टिळ्या सोमवारी जाणाऱ्यांतला होता.

आईला सांगितलं तेव्हा तिला समजायला जरा वेळ लागला. "म्हंजे त्यो उद्या जायचा हुता? आन् आता न्हाई?"

"नाही. दोन-तीन आठवडे तरी नाही."

"माझ्या चपातीमुळं?"

"तुझ्या चपातीमुळं."

ती कॉलिनकडे वळली. त्याचं नुकसान केल्याचं ओझं तोंडावर तसंच होतं, आणि त्याच्या मागून एक चोरटं हसू वर येत होतं, तिला ते दाबता येईना. कॉलिनला ते दिसलं. तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, चला, तेवढाच जास्त मका खाईल बिचारा.

वाचकहो, म्हणून हात जोडून सांगते, अशा फार्मवर गेलात तर श्रद्धा कितीही असो, घरचा घास जनावराला घालू नका. विचारा, ते देतील तीच वैरण हातानं घाला. आमचं निभावलं ते माणसं मोठ्या मनाची होती म्हणून.

निघताना कॉलिन आईची किटली घेऊन गेला आणि भरून घेऊन आला. झाकण उघडलं तर आत मुरघास, दाबून दाबून भरलेला. आईनं ती दोन्ही हातांनी घेतली. तिनं त्याला उरलेली चटणी दिली, ब्रेंडाच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. ब्रेंडानं ते दिवसभर पुसलं नाही, असं नंतर तिनं मेसेज करून कळवलं.

परतीच्या वाटेवर वूस्टरच्या पुढे दादाचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, काय ठरलं? त्याला आज सांगायचंय." आई म्हणाली, "बघू." दादानं सुस्कारा टाकला. मीही टाकला, आणि फोन ठेवल्यावर जरा चिडूनच म्हटलं, "आई, काय बघू? तुझे गुडघे बघ. दादाकडे लिफ्ट आहे, दवाखाना आहे, नातू आहे. त्या एका गाईच्या दुधानं काय होणार आहे?"

"दूध नगं मला. दूध बाळू नीतोच."

"मग?"

ती किटलीवर हात फिरवत होती. "सकाळी उठून कुणाला तरी घालाय पायजे, मने."

"आम्हाला घाल ना! इथे आलीयस, आम्हाला घाल!" माझा आवाज चढला, आणि मला कळलं की मी रडते आहे. मोटरवे नव्हता म्हणून बरं, गाडी कडेला घेता आली.

"तुमाला कधी घालू?" आई म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "तू सातला पळतीस. तन्वी तिचा मक्याचा भरडा खाती उभ्या उभ्या. निखिलराव नुसती कॉफी. मी चपात्या करून झाकून ठिवते आन् दिसभर झाकणाकडं बघत बसते. तुजा दोष न्हाई बाई. तुमी जायचं हुतं, गेला. पोटभर खाऊन गेला, ह्यातच मला बरं हाय." जरा थांबून ती म्हणाली, "त्या भावाचा खड्डा भरलेला हुता आन् गोठा रिकामा. माज्या बी पिशव्या भरल्यात."

इंडिकेटर टिकटिकत होता. समोर नांगरलेलं रान, त्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मला ती हवी होती. अजूनही हवी आहे. रोज सकाळी, माझ्या ओट्याशी, माझ्यावर खेकसत. पण मी दादाला फोन लावला आणि म्हटलं, त्या माणसाला नाही म्हणून सांग. दादा म्हणाला, "गोठ्यात उतरायला एक कठडा बसवून घेतो. पायरी उंच आहे तिथली."

पुढच्या आठवड्यात आई गेली. हीथ्रोला तिनं मागं वळून बघितलं नाही, ती कधीच बघत नाही. मुरघास भरलेली किटली विमानात नेता येणार नव्हती, ती माझ्या ओट्यावर राहिली. मुरघास मी बागेत टाकला, किटली तीनदा घासली, तरी झाकण उघडलं की तो वास येतो. तन्वी तिच्या मोडक्या मराठीत म्हणते, "आई, हा किटली खूप stink करतो, फेकून दे ना." मी ऐकलं नाही असं दाखवते. कधी कधी कामाच्या मधे उठून जाते आणि झाकण उघडते.

आता रोज व्हिडिओ कॉल होतो, पण उलटा. मला आई बघायची असते आणि आई मला चंद्री दाखवते. पडद्यावर गाईचं तोंड, कधी शिंग, कधी नुसती गव्हाण. आईचा फक्त हात दिसतो, मुरघास पसरणारा. गुडघे विचारले की चंद्रीची तब्येत सांगते.

वसुबारसेला मी घरून काम करत होते. दुपारी फोन वाजला, तिकडे दिवेलागण झाली होती. चंद्रीच्या कपाळाला हळदीकुंकू, शिंगांना गोंडे. सकाळीच ब्रेंडाचा मेसेज आला होता, आणि आई काय विचारणार हे मला ठाऊक होतं.

"आपला टिळ्या?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. "गेला, आई. काल."

हात पडद्याबाहेर गेला. थोडा वेळ नुसतं चंद्रीचं रवंथ ऐकू येत होतं. मग हात परत आला, मुठीत मुरघास घेऊन.

"ह्यो त्याचा," आई म्हणाली आणि घास चंद्रीच्या तोंडात दिला. चंद्रीचं खाऊन होईपर्यंत ती थांबली. मग दुसरी मूठ घेतली.

"आन् ह्यो तुजा."

चंद्रीनं तोही घेतला, सावकाश चावला. मी लॅपटॉप बाजूला सारला होता, ओट्याला धरून उभी होते. तेव्हा कुठे आईनं फोन स्वतःकडे वळवला.

"खाल्लास का गं?" तिनं विचारलं.

"खाल्ला, आई," मी म्हटलं.